पासष्टचा पंच्याऐंशी

आता क्लेबँकमध्ये ही गोष्ट निघाली की लोक पोट धरून हसतात. वर्डीना टॅकेटही हसते, म्हणजे ओठाचा एक कोपरा जरा वर जातो. त्याहून जास्त हसू तिने आजवर कुणाला फुकट दिलेलं नाही. पण त्या शनिवारी दुपारी गवतावर पंचाचा पिवळा रुमाल पडला, तेव्हा तो कोपराही वर गेला नव्हता.

क्लेबँक हे वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन डोंगरांच्या मध्ये दाबून बसवलेलं गाव. खाण बंद झाली, मग बँक गेली, मग दातांचा डॉक्टर गेला. उरलं काय, तर चर्च, हायस्कूल आणि हायस्कूलचा फुटबॉल संघ, तोही चेंडू हातात घेऊन धडका मारत खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचा. मैदानाला दिवे नाहीत, म्हणून इथले सामने शनिवारी दुपारी. बाकीची गावं शुक्रवारी रात्री दिव्यांच्या लखलखाटात खेळतात आणि वर त्याचा तोरा मिरवतात. त्यात पिकेट्स बेंड सगळ्यात पुढे.

त्या वर्षी शाळामंडळाने कळवून टाकलं होतं. क्लेबँकची पोरं थोडी, अंगाने काडीसारखी, दर सामन्यात मार खातात. मोसमात एक तरी सामना जिंकून दाखवा, नाहीतर संघ बंद. पुढच्या वर्षीपासून ज्याला खेळायचं असेल त्याने पिकेट्स बेंडच्या बसमध्ये बसावं आणि त्यांचा जांभळा शर्ट चढवावा.

वर्डीनाच्या घरात द्राक्षाची जेली सोडली तर जांभळं असं काही कधी आलं नव्हतं. ती मंडळाच्या सभेत उठून म्हणाली होती, "पिवळ्या शर्टात हरलेला नातू मला चालेल. जांभळ्या शर्टात जिंकलेला दारात उभा राहिला तर ओळखणार नाही मी त्याला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी सामने जिंकता आले असते तर प्रश्नच नव्हता.

मोसम सरत आला. जिंकलेला एकही नाही. उरला तो शेवटचा सामना, आणि तोही पिकेट्स बेंडशीच.

संघाचा कोच म्हणजे वर्डीनाचा थोरला, रॉइस. शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर तो तडक तिच्या स्वयंपाकघरात आला. ती दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या टपरीत विकायला पेपरोनी रोल, म्हणजे आत मसालेदार मांसाचे काप भरलेले पाव, भाजत होती. त्याने टोपी काढली नाही, तेव्हाच तिने ओळखलं की याला काहीतरी हवंय.

"आई, जरा इकडे बघ." त्याने टेबलावर सात रोल ओळीत मांडले. "खेळ सुरू करताना रेघेवर निदान सात जण उभे राहायलाच हवेत."

"ते विकायचे आहेत. हात धुतलेस?"

"धुतले. या सातांत फक्त दोन्ही टोकांचे दोघे चेंडू झेलू शकतात. मधल्यांनी नुसत्या धडका द्यायच्या. आणि आपला ब्रॅन्सन कुठे असतो?"

ब्रॅन्सन म्हणजे रॉइसचा मुलगा, तिचा नातू. संघातला सेंटर. वाकून, दोन पायांमधून चेंडू मागच्या गड्याला देणारा.

"बरोब्बर मधे," ती म्हणाली.

"मधे. म्हणून चेंडू देऊन झाला की त्याच्याकडे कुणी बघत नाही."

"ब्रॅन्सनकडे बघत नाहीत? तो दारात उभा राहिला तर घरातला उजेड जातो."

"आई, ऐक तर. उद्या मी सगळी ओळ त्याच्या उजव्या हाताला सरकवणार." त्याने एक रोल जागेवर ठेवला आणि बाकीचे सहा एकीकडे ढकलले. "डावीकडे रेघेवर कुणीच नाही. आता सेंटर कुठे आला?"

वर्डीनाने एकट्या पडलेल्या रोलकडे पाहिलं. "टोकाला."

"टोकाला! म्हणजे तो झेलू शकतो. पोरांनी याला नाव ठेवलंय फाटक. चेंडू मागे गेला की सगळे उजवीकडे धावणार, फाटक उघडल्यासारखे. त्यांच्यामागे पिकेट्स बेंड धावणार. ब्रॅन्सन पाय अडखळल्यासारखा पडणार, उठणार आणि गुपचूप डावीकडे निघणार."

"हे कायद्यात बसतं?"

"बसतं. सामन्याआधी रेफरीला मी स्वतः सांगून ठेवणार आहे. फक्त एक..."

रॉइस लहानपणापासून 'फक्त एक' म्हणाला की पुढे दांडगं काहीतरी यायचं. वर्डीनाने भट्टीचं दार लावलं आणि कमरेवर हात ठेवले.

"पन्नास ते एकोणऐंशीमधला आकडा ज्याच्या अंगावर आहे त्याला झेलता येत नाही. टोकाला उभा असला तरी नाही."

ब्रॅन्सनच्या शर्टावर पासष्ट होता.

"का नाही? रविवारी टीव्हीवर ते धिप्पाड गडी रेफरीच्या कानाला लागतात, आज मी झेलणार म्हणून सांगतात, आणि झेलतात. तूही सांग."

"ते पोटासाठी खेळणारे. त्यांचा कायदा निराळा. शाळेत कानाला लागून चालत नाही, आकडा म्हणजे आकडा. 6 चा 8 करायचा, आई. वरच्या उघड्या अंगाला बोटभर तुकडा जोडला की पासष्टचा पंच्याऐंशी."

"नाही."

"आई..."

"दुसरा शर्ट दे त्याला."

"त्याच्या अंगात जाईल असा दुसरा आहे कुठे?"

ते खरं होतं. पण हा पासष्टही साधा नव्हता. वर्डीनाचा नवरा हॉबर्ट याच मैदानावर पासष्ट घालून खेळला होता. खाणीच्या धुळीने त्याची छाती खाल्ली, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. शाळेने नवे शर्ट आणले तेव्हा वर्डीनाने हॉबर्टच्या जुन्या शर्टाचे आकडे उसवून नातवाच्या शर्टावर बसवले होते, पुढे आणि मागे. बाकी पोरांचे आकडे चकचकीत, ब्रॅन्सनचे लोण्याच्या रंगाचे.

"तुझ्या बापाच्या आकड्यात मी सुई खुपसणार नाही," ती म्हणाली. "पासष्ट घालून त्याने गावाचं नाक राखलं."

रॉइसने रोल पुन्हा परातीत ठेवले. दारात जाऊन तो थांबला. "उद्या हरलो तर ब्रॅन्सन जांभळा शर्ट घालेल. त्याच्यावर कुठला आकडा शिवशील ते ठरवून ठेव."

पोरगा बोलायला बापावर गेला नव्हता, आईवर गेला होता. ते तिला तेव्हा मुळीच आवडलं नाही.

तासभर तिने भांडी आपटली. मग शर्ट मांडीवर घेतला.

वर्डीनाच्या शिवणाची ख्याती दोन्ही खोऱ्यांत होती. तिचा टाका सुटला असं कुणी पाहिलं नव्हतं. शर्ट फाटावा, पण तिचा टाका जागेवर. कपाटात मेण लावलेला पक्का दोरा होता. तिने तो घेतला नाही. ती गेली मागच्या पडवीत आणि कोंबड्यांच्या दाण्याच्या पोत्यांचा दोरा घेऊन आली. ही पोती साखळीटाक्याने शिवलेली असतात. नेमकं टोक धरून ओढलं की सरसर सगळं उसवतं, पोतं क्षणात उघडं. ते दोरे वर्डीना कधी फेकायची नाही, गुंडाळून ठेवायची. त्याच दोऱ्याने, तसाच साखळीटाका घालून, तिने दोन तुकडे जोडले, एक छातीवर, एक पाठीवर. सामना झाला की रविवारी सकाळी एकदा ओढायचं, की हॉबर्टचा सहा पुन्हा सहा. कापडाला भोकंही मोठी पडणार नाहीत.

हे कुणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. वर्डीना टॅकेटने कच्चं शिवलं हे गावात कळण्यापेक्षा तिने शर्ट भट्टीत घातला असता.

शनिवारी ऊन छान पडलं होतं. वर्डीना टपरीत उभी राहून रोल विकत होती आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सुनावत होती. ब्रॅन्सन सामन्याआधी खिडकीशी आला, तिच्या पुढ्यातला सगळा उजेड अडवून.

"मॅमॉ, आठ झकास झालाय." आजीला तो मॅमॉ म्हणायचा.

"हात लावू नकोस."

"पक्का आहे ना?"

"कुणाशी बोलतोयस तू?" ती म्हणाली. खोटं ती बोलली नव्हती. तरी तिने गल्ला उगाचच पुसून काढला.

सामना कसा चालला होता ते फार सांगण्यासारखं नाही. पिकेट्स बेंडची पोरं उंच, जाड. आपली त्यांच्या पायांत घुसत होती. पंच्याऐंशी अंगावर घेऊन मधे उभं राहता येत नाही, म्हणून ब्रॅन्सनला रॉइसने दिवसभर ओळीच्या कडेला उभं केलं होतं आणि चेंडूवर दुसराच पोरगा वाकत होता. पण एवढं मात्र झालं की सामन्याच्या शेवटच्या चौथाईत क्लेबँक मागे होतं ते थोडक्यानेच. एक टचडाऊन, म्हणजे चेंडू घेऊन त्यांच्या टोकाच्या रेघेपार जाणं, आणि सामना आपला. घड्याळात वेळ उरला होता जेमतेम.

रॉइसने टोपी काढली. फाटकाची खूण ती.

वर्डीनाने ते टपरीतून पाहिलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. ब्रॅन्सन चेंडूवर वाकला. बाकी सगळी ओळ त्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली. पिकेट्स बेंडवाले एकमेकांकडे बघायला लागले, ओरडायला लागले, आणि झुंडीने तिकडेच सरकले. ब्रॅन्सनसमोर एकच दांडगा उरला. चेंडू मागे गेला. दांडग्याने ब्रॅन्सनची छाती मुठीत धरून त्याला हिसडा दिला, खाली पाडला आणि पळाला बाकीच्यांच्या मागे. वर्षभर ज्याला नुसता धडका देताना पाहिलं त्या सेंटरची कोण पर्वा करणार? त्याचा आकडा वाचायलाही कुणी थांबलं नव्हतं.

ब्रॅन्सन उठला. शेणातून पाय काढत चालावं तसा डावीकडे निघाला. मागच्या गड्याने फेकलेला चेंडू हवेतून आला. त्या पोराने जन्मात चेंडू झेलला नव्हता. त्याने तो भोपळा कवटाळावा तसा दोन्ही हातांनी पोटाशी धरला आणि धावला. धावला म्हणजे काय, जमीन हादरवत गेला. पुढे कुणीच नव्हतं. टचडाऊन!

अख्खं क्लेबँक बाकांवर उभं राहिलं. आणि तेवढ्यात पिवळा रुमाल गवतावर पडला, म्हणजे पंचाला कुठेतरी नियम मोडलेला दिसला होता.

कडेचा पंच ब्रॅन्सनच्या छातीकडे बोट दाखवत होता. वर्डीना टपरीचं दार उघडून खाली आली. कठड्यापाशी पोचली आणि तिने पाहिलं. पुढून ब्रॅन्सनच्या छातीवर, लोण्याच्या रंगात, स्वच्छ पासष्ट होता.

हिसडा. पोत्याचा दोरा. तिला सगळं कळलं.

मैदानाच्या मधोमध कालवा चालला होता. रेफरी दुसऱ्या काउंटीतला, ओडेल फ्राय म्हणून एक शांत, पाठीत वाकलेला माणूस. त्याच्यासमोर रॉइस, आणि पिकेट्स बेंडचा कोच डेल्बर्ट स्पर्लॉक.

"मला तुम्ही पंच्याऐंशी सांगितलं होतं," फ्राय रॉइसला म्हणत होता. "हा पासष्ट आहे."

"मागे बघा! मागे पंच्याऐंशी आहे!" रॉइसने ब्रॅन्सनला गरकन फिरवलं.

"तेच तर म्हणतोय मी!" स्पर्लॉक ओरडला. "पुढून माझ्या पोरांना दिसतो पासष्ट, मागून पंचाला दिसतो पंच्याऐंशी. माझ्या पोरांना फसवायला मुद्दाम केलंय. ही चूक नाही, लबाडी आहे!"

"पुढचा तुकडा सुटला असेल," रॉइस म्हणाला.

"सुटला?" स्पर्लॉक हसला. "शिवलं कुणी?"

"आईने."

"ऐकलंत, मिस्टर फ्राय? वर्डीमावशीने! माझ्या आईच्या लग्नाला दिलेली तिची रजई आमच्या घरात आहे. पाच पोरं उड्या मारून मोठी झाली त्या रजईवर, एक टाका हललेला नाही. या बाईचा टाका सुटत नाही. म्हणजे पुढे तिने काही शिवलंच नाही. मला दुसरं सांगू नका."

रॉइस वळून आईकडे बघायला लागला. तोही तिच्याच टाक्यांच्या कपड्यांत वाढला होता.

वर्डीना कठड्याला धरून उभी होती. आयुष्यात तिची एवढी मोठी स्तुती कुणी केली नव्हती, तीही पिकेट्स बेंडच्या माणसाने, दोन्ही गावांसमोर. ती टिकवायला नुसतं गप्प राहायचं होतं. मग पुढच्या वर्षी जांभळा शर्ट.

तिने कठड्याचं दार ढकललं.

"मावशी, मैदानात यायची परवानगी नाही," फ्राय म्हणाला.

"मला पळायचं नाहीये, बोलायचंय. पुढचा तुकडा मी शिवला होता. कच्चा शिवला होता."

शेजारी उभ्या असलेल्या पोरांना ते ऐकू गेलं आणि तिथून बाकांपर्यंत कुजबुज पसरली.

"काय म्हणालात?" स्पर्लॉकने विचारलं.

"बहिरा आहेस? कच्चा. पोत्याच्या दोऱ्याने."

"आई?" रॉइस म्हणाला.

"तू बोलू नकोस. हा सहा हॉबर्टच्या शर्टाचा आहे. मला तो उद्या परत सहा करायचा होता." तिने नातवाच्या छातीवरच्या सहाला बोट लावलं. "म्हणून हलका टाका घातला. ओढला की सुटेल असा."

"आत्ता जुळवलेली गोष्ट," स्पर्लॉक म्हणाला, पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

"ब्रॅन्सन, फीर."

नातू फिरला. पाठीवर पंच्याऐंशी. वर्डीनाने चष्मा नाकावर सरकवला, आठाच्या कडेला बोट फिरवलं, नखाने टोक शोधलं आणि ओढलं. सर्र! अख्खा दोरा एका दमात निघाला आणि तुकडा तिच्या हातात आला. पाठीवर राहिला पासष्ट.

कुणीतरी बाकांवरून शिट्टी मारली. फ्रायने वाकून दोऱ्याच्या बारीक भोकांची ओळ पाहिली. मग ब्रॅन्सनला पुन्हा फिरवून छातीवर पाहिलं. तिथेही तशीच ओळ.

"भोकं आहेत," तो म्हणाला. "पण तुकडा चेंडू निघायच्या आधी पडला की नंतर, हे मला कसं कळणार? चेंडू निघाला त्या क्षणी अंगावर जो आकडा, तोच धरायचा."

रॉइस गवतात तो तुकडा शोधायला लागला. पोरं गुडघ्यांवर बसून चाचपायला लागली.

तेवढ्यात पिकेट्स बेंडच्या घोळक्यातून तो दांडगा पोरगा पुढे आला. लेव्ही नाव त्याचं. मनगटाला गुंडाळलेल्या चिकटपट्टीकडे तो चमत्कारिक नजरेने बघत होता.

"कोच," तो म्हणाला, "हे काय लोंबतंय?"

पट्टीला एक लांब दोरा चिकटला होता. दोऱ्याच्या टोकाला बोटभर कापडाचा तुकडा.

स्पर्लॉकने डोळे मिटले.

"तू याला कधी धरलंस?" फ्रायने विचारलं.

"चेंडू निघाल्यावर, सर. त्याआधी कसा धरणार?" पोरगं म्हणालं, आणि आपण काय बोललो ते त्याच्या मग ध्यानात आलं. "पण मी नुसता... थोडासाच धरला होता."

"शर्ट धरणं हाही गुन्हाच, बाळा," फ्राय म्हणाला. "पण टचडाऊन झालंय, तेव्हा तो सोडून देतो." आणि कंबर धरून वाकत त्याने पिवळा रुमाल उचलला, खिशात कोंबला आणि टचडाऊन मान्य म्हणून दोन्ही हात वर केले.

त्यानंतरचा आवाज वर्डीनाने नीट ऐकलाच नाही. तिला एवढंच जाणवलं की छातीवर बसलेलं कुणीतरी उठून गेलं. तिने मोठा श्वास घेतला, मग आणखी एक. हवा शेंगदाण्याच्या टरफलांची आणि तुडवलेल्या गवताची होती, आणि ती फार चांगली लागत होती. ब्रॅन्सनने तिला उचललं. खाली ठेवायला सांगूनही त्याने ठेवलं नाही, तर तिने त्याच्या शिरस्त्राणावर बुक्क्या मारल्या.

उरलेल्या वेळात पिकेट्स बेंडने तीन धडका दिल्या. काही हाती लागलं नाही. घड्याळ संपलं. संघ राहिला.

मग टपरीसमोर सगळे गोळा झाले. राहिलेले रोल वर्डीनाने वाटून टाकले, आणि वाटताना प्रत्येकाने तिला ऐकवलं.

"वर्डी, माझ्या पडद्यांना पण पोत्याचाच दोरा वापरलास का गं?"

"तुझ्या पडद्यांना पोत्याचा दोराही जास्तच झाला असता."

"आता चर्चच्या झालरी तपासून घ्याव्या लागतील!"

"तपास. डोळे असतील तर."

स्पर्लॉकही आला. टोपी हातात धरून म्हणाला, "मावशी, आईला काय सांगू?"

"सांग, तिची रजई पक्क्या दोऱ्याची आहे. आणि पोराला आवाज खाली ठेवायला शिकव म्हणावं." मग तिने लेव्हीला जवळ बोलावलं. तो घाबरत घाबरत आला. तिने त्याच्या मनगटावरून दोरा तुकड्यासकट अलगद सोडवून घेतला आणि हातात एक रोल ठेवला. "खा. खरं बोललास."

"थँक यू, मॅम. मला माहीत नव्हतं की मी खरं बोलतोय."

ऊन डोंगराआड गेलं तशी माणसं पांगली. रॉइस टपरीच्या पायरीवर बसला होता, दमलेला, टोपी नाही, चेहऱ्यावर मूर्खासारखं हसू.

"पोत्याच्या दोऱ्याने, आई," तो म्हणाला. "पक्कं शिवलं असतंस तर एवढा तमाशाच झाला नसता."

"पक्कं शिवलं असतं तर त्या दांडग्याच्या हातात शर्ट राहिला असता आणि शर्टात तुझा पोरगा. झेलायला कोण जाणार होतं, तू?"

रॉइसने विचार केला. त्याला ते पटलं, आणि पटलं म्हणून तो जास्तच हसायला लागला.

ब्रॅन्सन उघडाच बसला होता, शर्ट आजीच्या मांडीवर. तिने पासष्टवरून हात फिरवला. भोकं बारीक होती, एका धुण्यात मिटतील.

"मॅमॉ, ते दोन तुकडे टाकून देणार?"

वर्डीनाने दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले, त्यांच्याभोवती दोरा गुंडाळला आणि ते एप्रनच्या खिशात घातले.

"टाकतेय कशाला?" ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लागतील."